एका बदलीचं शवविच्छेदन

माझी ताई सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवते. म्हणजे सकाळी शवागारात मुलांना दाखवते की माणूस कशानं मेला, आणि दुपारी कोर्टात जाऊन तेच शपथेवर सांगते. मी वकील आहे. माणूस तसा मेलाच नव्हता, हे सांगणं माझं काम. एकाच आईची आम्ही दोन मुलं.

ही हकिकत मी तिच्या अहवालाच्या साच्यात ओतली आहे. मसुदा तिला वाचायला दिला, ही माझी चूक. तिनं जिथे जिथे लाल पेन खुपसलं, ते तसंच राहू दिलंय, कारण खोडलं असतं तर तिनं पुन्हा लिहिलं असतं.

बाह्य तपासणी

वस्तू: बदलीचा आदेश. अंगावर सहीची जखम एक, शिक्क्याचे वळ दोन. वास दयेचा.

खरंच दयेचा. 'पती-पत्नी एकत्रीकरण धोरणानुसार' ताईला भावोजींच्या महाविद्यालयात पाठवलं होतं. भावोजी भूलतज्ज्ञ. लांबच्या गावातल्या नव्या महाविद्यालयात भूल द्यायला शिकवतात. बोलतात इतकं सावकाश, की पेशंट सुई बघायच्या आधीच पेंगतो. लग्न झाल्यापासून दोघं दोन गावांत. एका शनिवारी ते इकडे, पुढच्या शनिवारी ती तिकडे. भांडण झालंच तर रविवारी संध्याकाळी बसची वेळ होते आणि ते अर्धं राहतं. पुढच्या शनिवारपर्यंत ते कशावरून होतं हे दोघांनाही आठवत नाही.

या धोरणासाठी खात्यातल्या लोकांनी चपला झिजवल्यात. बालरोग विभागातल्या मॅडम तर सचिवांच्या दारात रडून आल्या, त्यांना मिळालं काय तर रुमाल. आणि ताईला न मागता! दात आहेत तिथे चणे नाहीत म्हणतात ते असं. विभागाविभागातून लोक अभिनंदनाला आले. हाडांचे सर म्हणाले, "सुटलात, मॅडम. आता निवांत संसार करा."

ताई तिथून थेट माझ्या ऑफिसात आली आणि आदेश टेबलावर आपटला.

(आपटला नाही. ठेवला. तुझं टेबल डगमगतं. — ताई)

"हे थांबव."

"का? भांडलात?"

"नाही."

"मग भावोजींचं दुसरीकडे कुठे...?"

"कानाखाली वाजवीन."

"अगं, मग नवऱ्याजवळ राहायला हरकत काय?"

"तिथे विभागाची पाटी आहे, विभाग नाही. शवागार नाही. मुलांना काय, चित्रं दाखवू? इथला शीतकक्ष मिळवायला मी डीनच्या केबिनबाहेर इतकी बसलेय की शिपाई मला हजेरी लावायला सांगायचा. ते सगळं सोडून जाणार नाही मी."

"आणि भावोजी?"

"तो शनिवारी छान असतो. मंगळवारी कसा असतो, मला माहीत नाही."

जखमा

बदलीविरुद्धचा अर्ज म्हणजे गैरसोयींचं दुकान. जितका माल मांडाल तितकं गिऱ्हाईक थांबतं. मी झकास मसुदा केला होता: सासू आजारी, मुलीचं परीक्षेचं वर्ष आणि अर्थातच कंबर. बदल्यांच्या मोसमात अख्ख्या खात्याची कंबर धरते. हाडांचे सर दाखले देऊन देऊन इतके थकतात, की शेवटी त्यांचीच कंबर जाते. असे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात कुणी 'मणक्यातील' एवढं म्हटलं, तरी न्यायाधीशबाई चष्मा काढून डोळे चोळायला लागतात.

ताईनं लाल पेन काढलं.

"सासूबाई ठणठणीत आहेत. परवा तीन जिने चढून आल्या आणि वर मलाच विचारलं, तुला धाप का लागलीय म्हणून."

"बरं, नुसतं 'वयोवृद्ध' लिहू."

"त्यांना वाचून दाखवशील?"

खोडलं.

"मग लेक?"

"ती वसतिगृहात आहे. आई कुठे राहते यानं तिला काडीचा फरक पडत नाही. आईचा फोन येऊ नये, एवढीच तिची मागणी आहे."

खोडलं.

"ताई, कंबर तरी राहू दे!"

"माझी कंबर उत्तम आहे. मी प्रेत एकटीनं कुशीवर वळवते."

"अर्जात काहीतरी दुखायला लागतं गं."

"दुखत नाही ते लिहायचं नाही."

शेवटी उरलं एकच वाक्य: अर्जदारानं अशी विनंती कधीही केलेली नाही. कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता तो अर्ज.

इथे ताईच्या एका खोडीची नोंद करायला हवी. आयुष्यभर साक्षी देऊन देऊन ती लागली आहे. विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. मागे एकदा मी तिच्या घरून निघताना विचारलं, "रस्ता खणलेला नाही ना?" ती म्हणाली, "नाही." अर्ध्या तासानं तिथेच अडकून फोन केला, तर रस्त्यावर मोर्चा. "अगं, सांगायचं नाहीस?" तर म्हणे, "खणण्याबद्दल विचारलंस. मोर्चाबद्दल कुठे विचारलंस?"

हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी अर्ज करताना विसरलो.

अंतर्गत तपासणी

सरकारी वकील म्हणजे चालतीबोलती इस्त्री. उभे राहिले तेव्हा कोटाला एक सुरकुती नव्हती.

"मॅडम," ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "या दालनात बायका रडत येतात, मला नवऱ्याजवळ पाठवा म्हणून. शासन या बाईंना स्वतःहून पाठवतंय, तर या म्हणतात, कृपा करा आणि पाठवू नका. आता शासनानं करायचं तरी काय?"

दालन हसलं. मीही हसलो असतो, पण वकीलपत्र माझं होतं.

मागच्या बाकावर भावोजी बसले होते. सुट्टी टाकून आलेले. मी विचारलं, तुम्ही कसे काय? तर म्हणाले, "आलो... जरा... बघायला." एवढं म्हणेपर्यंत आमचा पुकारा झाला.

(मी बोलावलं नव्हतं. तो बुधवारी कधीच येत नाही. — ताई)

"अर्जदार हजर आहेत का? पुढे या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

पुढे या म्हणजे आपल्या वकिलाच्या शेजारी उभं राहायचं, मान खाली घालायची आणि जमल्यास रुमाल काढायचा. ताई माझ्यासमोरून ताडताड निघून गेली. कोपऱ्यात साक्षीदाराचा एक जुना पिंजरा होता. न्यायाधिकरणात साक्षी होत नाहीत, त्यामुळे कारकुनानं त्यात जुन्या फायली रचल्या होत्या. ताईनं त्या उचलून बाजूला ठेवल्या, आत शिरली, कठड्यावर हात ठेवला, नाव, पद, अनुभव सांगितला आणि उजवा हात वर करून आपली आपणच शपथ घेतली.

"डॉक्टर, तुम्ही साक्षीदार नाही आहात," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"सवय आहे, मॅडम."

"असू दे. तिथूनच बोला. या बदलीनं तुमची गैरसोय काय होते?"

"वैयक्तिक गैरसोय काही नाही."

माझ्या हातातून पेन पडलं.

"तब्येत?"

"उत्तम."

"कंबर?"

"तीही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला नाही, उलट नीट बसवला. "पतीशी संबंध?"

"चांगले आहेत."

"ताई," मी खालून फुसफुसलो, "तू अर्जदार आहेस!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती उलटतपासणीच्या वकिलाकडे पाहते. म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसं.

खटला संपला होता. सरकारी वकिलांनी फक्त बसून राहायचं होतं. वकिलीतला पहिला धडा हाच, की जिंकत असाल तर खाली बसा. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचा मोह कुणाला सुटलाय? ते उठले.

"एकच विचारतो, मॅडम. डॉक्टर, म्हणजे हा आदेश काढताना खात्याचा हेतू पती-पत्नींना एकत्र आणण्याचाच होता. मान्य?"

"हेतूबद्दल मत देता येत नाही. निरीक्षणं देता येतील."

"द्या की!" ते दालनाकडे बघून हसले.

ताईनं घसा साफ केला. जखमेची लांबी-रुंदी सांगताना तिचा जो आवाज असतो, तोच लागला.

"त्याच दिवशी, त्याच धोरणाखाली, त्याच महाविद्यालयात आणखी तिघांची बदली झाली. पहिले शरीरक्रियाशास्त्राचे सर. ते अविवाहित आहेत."

कुणीतरी खोकलं.

"दुसऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम. त्यांचे पती हयात नाहीत. याबद्दल खात्री आहे, शवविच्छेदन मी केलं होतं. तिसरे विकृतिशास्त्राचे सर. ते विवाहित आहेत. पत्नी इथेच, त्यांच्या शेजारच्या विभागात शिकवतात. त्यांना पत्नीपासून हलवून एकत्र आणलं आहे."

मागच्या बाकांवरून एक मोठा फुस्स आवाज आला. सरकारी वकील खाली बसायच्या बेतात होते, पण न्यायाधीशबाईंनी हातानंच त्यांना उभं ठेवलं.

"डॉक्टर, चौघंही तिथेच का?"

"तिथे लवकरच तपासणी आहे. निरीक्षक येतात आणि विभागावार शिक्षकांची डोकी मोजतात. कमी भरली तर विद्यार्थ्यांच्या जागा कापतात. चार विभागांत एकेक डोकं कमी होतं."

"आणि मोजून झाल्यावर?"

"मागच्या तपासणीला पाठवलेली डोकी परत आली. सध्या ती आणखी एका महाविद्यालयात मोजली जात आहेत."

सरकारी वकिलांच्या कोटाला पाठीवर मधोमध एक सुरकुती पडली. मी डोळ्यांनी पाहिली.

(त्या कोटाला आधीपासूनच सुरकुती होती. तू खुर्चीतून पाहत होतास, मी वरून. — ताई)

मी पिंजऱ्याजवळ सरकलो. "हे सगळं मला का नाही सांगितलंस?"

"तू सासूबाईंबद्दल विचारलंस. लेकीबद्दल, कंबरेबद्दल विचारलंस. बाकीच्यांबद्दल विचारलंस कुठे?"

न्यायाधीशबाई आदेश सांगायला वळल्या, आणि थांबल्या. पेन खाली ठेवलं. "एक शेवटचं, डॉक्टर. हे लिहून घेणार नाही. तुम्हाला पतीबरोबर राहायचं आहे की नाही?"

आणि माझी ताई, जिनं दरोडेखोरांच्या वकिलांसमोर पापणी हलवली नव्हती, तिचा हात कठड्यावरून सुटला. मागच्या बाकाकडे बघितलं. भावोजी सरळ बसले.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे नाही?"

"म्हणजे पुरावा अपुरा आहे, मॅडम. सलग दोन दिवसांच्या वर राहून पाहिलेलं नाही."

भावोजी उभे राहिले. इतके सावकाश, की आधी सगळ्यांना वाटलं ते बाहेर चाललेत.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

भावोजींनी थोडा विचार केला. "पुरावा," ते म्हणाले.

मत

बदलीला स्थगिती. खात्यानं धोरणातला 'पती' आणि 'पत्नी' या दोन्ही शब्दांचा आधी शोध घ्यावा आणि मग एकत्रीकरण करावं, असं न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. अविवाहित सरांना हे कळलं, तेव्हा त्यांनी म्हणे खात्याला रीतसर विचारणा केली, की आदेशात गृहीत धरलेली पत्नी कृपया लवकरात लवकर उपलब्ध करून द्यावी. उत्तर अजून आलेलं नाही. सर आशावादी आहेत.

त्या बुधवारी भावोजी परतीच्या बसनं गेले नाहीत. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी मी ताईला फोन केला.

"आहेत अजून?"

"आहे."

"कसं चाललंय?"

"बुधवारी मी भांडं हातात धरून ओट्यापाशी उभ्यानं जेवते, हे त्याला कळलं. तोही तिकडे तसाच जेवतो, हे मला कळलं."

"मग?"

"मग दोघं उभ्यानं जेवलो. कोपर लागतं रे त्याचं."

शनिवारी दोघं माझ्या ऑफिसात. भावोजींना ताईच्या गावी बदली हवी होती. त्यांची, तिची नव्हे. शवागार जागेवरून हलत नाही, भूल कुठेही देता येते, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य पूर्ण व्हायला चहा गार झाला. मी अर्ज लिहायला घेतला, 'पत्नीच्या सहवासासाठी' असं कारण टाकलं, तशी ताईनं माझा हात धरला.

"थांब. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग काय लिहू?"

"लिही, सहवास चाचणीसाठी. आणि तो रोज समोर बसून इतक्या सावकाश बोलायला लागला, की मी बदलीविरुद्ध अर्ज करणार. परत पाठवा म्हणून."

"तू त्यांच्याविरुद्ध?"

"हो."

भावोजी खूश होते. मी पेन ठेवलं. नात्यातलं प्रकरण असलं तरी वकिलीचे काही नियम असतात. "हे बघा," मी म्हणालो, "उद्या तसं झालं तर मला दोन्ही बाजूंनी उभं राहता येणार नाही. आत्ताच ठरवा, मी कुणाचा?"

"त्याचा," ताई पर्स उचलत म्हणाली. "मला वकील लागत नाही."