पहिला ठोका

साहेबांच्या संडासात माल आहे हे चिखला खाणीच्या गावात सगळ्यात आधी अनुपला कळलं, आणि नाव मात्र भूपेंद्रचं झालं. जेवताना ते आठवलं की अनुपचा घास कडू व्हायचा.

माल म्हणजे जुन्या बाटल्या. इंग्रजांच्या काळात खाणीच्या साहेबांचे बंगले टेकडीला होते. बंगले पडले, लोकांनी विटा नेल्या, पण मागचे संडासाचे खड्डे तसेच बुजून राहिले. घरातली रिकामी बाटली, औषधाची असो की मेमसाहेबांपासून लपवून प्यायलेल्या दारूची, त्या खड्ड्यात जायची आणि मऊ घाणीत पडल्यामुळे फुटायची नाही. पुढे घाणीची काळी माती झाली आणि काच जशीच्या तशी राहिली. अनुपनं पहिला खड्डा एकट्यानं उकरला. मग सोबत हवी म्हणून शाळेतल्या दोस्ताला, तुमसरला हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या भूपेंद्रला, त्यानंच बोलावलं. खड्डा कसा ओळखायचा, विटांची जुडाई, म्हणजे बांधणी, कशी पाहायची, सगळं त्यानंच शिकवलं.

आणि हाताला यश कोणाच्या, तर भूपेंद्रच्या. अनुपच्या वाट्याला फुटकी तोंडं यायची. भूपेंद्र नुसता खाली उतरायचा आणि गळ्यात काचेची गोटी असलेली, कंच्याची अख्खी सोडाबाटली घेऊन वर यायचा. मग तो मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा. एकदा तर पेपरात त्याचा फोटो आला. हातात हिरवी बाटली, तोंडभर हसू, आणि कडेला अनुपचं एक कोपर. नुसतं कोपर.

अनुपच्या बाटल्या त्याच्या बायकोनं, भावनानं, कधी घरात येऊ दिल्या नव्हत्या. संडासातली वस्तू म्हणून त्या बिचाऱ्या सरपणाच्या मागे पडून असायच्या. तीच भावना तो फोटो पाहून म्हणाली, "भूपेंद्रभाऊची बाटली किती साजरी दिसते ना."

त्या दिवशी अनुप ताटावरून उठला. भूक नाही म्हणाला. भूक चांगली सपाटून लागली होती.

पुढच्या रविवारी दोघांनी केशवरावांच्या वावरातला खड्डा उघडला. केशवरावांची एकच अट होती, गड्डा बुजवून द्या म्हणजे झालं. माणूसभर माती काढल्यावर विटा नीट दिसायला लागल्या. आजवरचे सगळे खड्डे गोल असायचे आणि पाणी मुरावं म्हणून दोन विटांमध्ये फट सोडलेली असायची, अगदी जाळीसारखी. इथंही तीन बाजूंना जाळी होती. चौथ्या बाजूला मात्र विटांची कमान होती, आणि कमानीचं तोंड चुन्यात पक्कं चिणून टाकलेलं. फट औषधालाही नव्हती.

"हे काय हाये गा?" भूपेंद्रनं वरून विचारलं.

खाली अनुप होता. तो खाणीत ड्रेसर होता. सुरुंगानंतर छताला सब्बल, म्हणजे पहार, ठोकून सुटलेला दगड पाडणं हेच त्याचं काम. छत भरीव असेल तर खणखण बोलतं, पोकळ असेल तर डब बोलतं. आणि डब ऐकलं की ज्यानं ऐकलं त्यानं 'पोलं', म्हणजे पोकळ, म्हणून ओरडायचं. मग साहेब असो की हमाल, कोणी काहून विचारत नाही, आधी बाजूला होतो. ऐकून गप्प राहणाऱ्यासोबत खाणीत कोणी डबाही खात नाही.

त्यानं कमानीवर सब्बल ठोकली.

डब.

मागे दुसरा खड्डा होता. एक भरला की दुसऱ्यात जावं म्हणून साहेबानं जोडखड्डा बांधला असणार, आणि पुढे मधली कमान चिणली असणार. म्हणजे आतल्या बाटल्यांना कोणाचा हातही लागला नसणार.  वर उन्हात उभ्या भूपेंद्रकडे अनुपनं पाहिलं. याच्या हाताला पुन्हा यश? पुन्हा माझं कोपर?

"भरीव हाये," अनुप म्हणाला. "डागडुजी केली असन."

आठवड्यात मधेच एखाद्या दिवशी आपण एकटेच येऊ, असं त्यानं ठरवून टाकलं. तो वर आला, बिडी पेटवली. भूपेंद्र खाली उतरला.

"भरीव म्हणतेस तं याच्या बुडाशीच खोदतो. बाकीची जाळी ढिली झाली हाये. तुह्या कानावर आपला भरोसा," असं म्हणत त्यानं कमानीच्या पायथ्याशीच कुदळ घातली.

अनुपनं बिडीचा एक झुरका घेतला, मग दुसरा. दोन विटांच्या मधून काळी माती धार लागल्यासारखी गळायला लागली. बोललो तर खोटं उघडं पडणार होतं, आणि बाटल्याही भूपेंद्रच्याच होणार होत्या. तिसरा झुरका त्याला ओढवला नाही.

"पोलं हाये, भूप्या. वर ये."

भूपेंद्रनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. 'पोलं' ऐकलं की आधी बाजूला व्हायचं हेही अनुपनंच शिकवलं होतं; कुदळ टाकून त्यानं शिडी गाठली. तो काठावर पोटावर पडला आणि खाली अख्खी कमान मातीसकट बसली. जिथं तो वाकला होता तिथं विटांचा ढीग झाला.

 मग पलीकडच्या खड्ड्यात काहीतरी निळं चमकलं. ढीग पक्का बसल्याची खात्री करून त्यांनी दुपारपर्यंत जपून माती काढली. सगळ्या अख्ख्या बाटल्या निघाल्या. त्यात एक निळी, अंगावर उभ्या रेघा असलेली, विषारी औषधाची.

भूपेंद्रनं मोबाईल काढला. या वेळी त्यानं अनुपला मधोमध उभं केलं.

"या माणसाचा कान पाहा. माहा जीव वाचवला यानं," तो म्हणाला. मग मोबाईल थोडा खाली करून त्यानं अनुपकडे पाहिलं. "याले पहिल्याच ठोक्यात समजते."

निळी बाटली त्यानं अनुपच्या हातात ठेवली. अनुपला ती नको म्हणता आली नाही. इथंही भूपेंद्रच मोठा झाला, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्याला लाज वाटली, तरी विचार काही गेला नाही.

भावनानं व्हिडिओ चार जणींना दाखवला. बाटली धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अनुप जेवताना खिडकीकडे पाठ करून बसायला लागला.

पुढच्या रविवारी टेकडीच्या मागचा नवा खड्डा उघडला. भूपेंद्र नेहमीसारखाच हसत बोलत होता. खाली उतरताना मात्र त्यानं सब्बल स्वतःच घेतली. एक वीट ठोकली. वर उभ्या अनुपला आवाज स्वच्छ ऐकू आला, खणखणीत.

"भरीव हाये," अनुप म्हणाला. खरंच भरीव होतं.

 भूपेंद्रनं विटेला कान लावला आणि पुन्हा ठोकलं.