उभय पक्षांस रवाना

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट कौतुकाने सांगतात. मी एक जुना रबरी शिक्का आहे, पण माझी गोष्ट मी रागाने सांगणार आहे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. कारागिराने रबरावर अक्षरं उलटी कोरली, लाकडी मुठीवर चिकटवली आणि कागदावर दाबून पाहिली. जांभळ्या शाईत सुलटे शब्द उमटले, 'प्रत उभय पक्षांस रवाना'. तक्रार निवारण कार्यालयातल्या हेडक्लार्कच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. कुणाची भिंत शेजाऱ्याच्या अंगणात आली, कुणाचा कुत्रा दिवसभर भुंकतो, अशा तक्रारी येत. एक प्रत तक्रार करणाऱ्याला जाई, एक ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. हेडक्लार्क मला पुसून ठेवत आणि म्हणत, "आपला शिक्का कुणाची बाजू घेत नाही." मी फुशारून जाई. शाईच्या गादीवर बसून मी स्वतःला न्यायाधीश समजू लागलो होतो.

मग ती आली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. त्याच दुकानात पूर्वी काचा घासणारा एक जण हात धुऊन तिच्या मागे लागला होता. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द त्याच्या डोक्यात शिरत नव्हता. तो समोरच्या फुटपाथवर उभा राही, तिच्या मागोमाग बसमध्ये चढे. एकदा त्याने तिचा हात पिरगाळला. शेवटी तिने घर बदललं आणि त्याला सुगावाही लागू दिला नाही. अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"हा पत्ता त्याला कळणार नाही ना?"

"ताई, इथलं काही बाहेर जात नाही," हेडक्लार्क म्हणाले.

ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते. टपालाने प्रत पाठवणं हे त्यांच्या लेखी बाहेर जाणं नव्हतंच, ते रोजचं काम होतं. तिने मजला आणि दाराच्या क्रमांकासकट पत्ता लिहिला. चहा यायच्या आत त्यांनी मला उचललं आणि दोन्ही प्रतींवर आपटलं.

चौथ्या दिवशी ती थोरल्या बहिणीसोबत परत आली. त्याने त्याची प्रत तिच्या दाराखालून आत सरकवली होती. माझ्या ठशाखाली त्याने लिहिलं होतं, 'घर छान शोधलंस.'

"नियमच आहे ताई," हेडक्लार्क म्हणाले. "उभय पक्षांना प्रत द्यावीच लागते."

"एक जीव मुठीत धरून पळतेय, एक तिच्यामागे धावतोय," बहीण म्हणाली. "हे तुमचे दोन पक्ष? दोघं काय पत्ते खेळायला बसलेत?"

हेडक्लार्क कागद चाळत राहिले. मला त्यांची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. तिने ते घर सोडलं, नोकरी सोडली, गावही सोडलं. तो मात्र त्याच फुटपाथवर आरामात उभा राहायचा. जिचा छळ झाला तिनेच गाशा गुंडाळायचा, याला आम्ही निवारण म्हणत होतो.

बहिणीने तो कागद जपून ठेवला आणि नियम ठरवणाऱ्या समितीपुढे नेला. सात वेळा तिला पुढची तारीख मिळाली. आठव्या वेळी तिने तो सदस्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, "हा तुमच्या मुलीचा पत्ता आहे असं समजून वाचा." तेव्हा कुठे नियम बदलला. आता अशा तक्रारदाराचा पत्ता बंद लिफाफ्यात, एकाच अधिकाऱ्याकडे असतो. तिच्या सोबतीला एक माणूस दिला जातो. मागे लागणाऱ्याला लांब राहण्याचा हुकूम निघतो, आणि तो मोडला तर त्यालाच उचलतात. नियम बदलायला दीड वर्ष लागलं. नवा अर्ज छापायला एक दुपार पुरली.

मी आता खणात गंजलेल्या टाचण्यांसोबत पडून आहे. माझी कीव करू नका. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले काही जण टेबलापलीकडे बसतील. शिक्का उचलण्याआधी एवढं विचारा, की हा कागद कुणाच्या हातात पडणार आहे. नियमाकडे बोट दाखवून हात झटकू नका.

ती पुन्हा लोकांचे डोळे तपासते, असं बहीण एकदा सांगून गेली. कुठल्या गावात, ते मला माहीत नाही. या टेबलावर आता कुणालाच माहीत नाही.