दोन बोटांची शीळ

शाळेतून फोन आला तेव्हा यांनी आधी कवळी लावली आणि मग फोन घेतला. बिनदातांनी शाळेशी बोलायचं नाही, असा काहीतरी यांचा नियम असावा. यांचे नियम मला लग्नानंतर कळत गेले, अजून संपलेले नाहीत.

"सत्कार आहे," फोन ठेवून हे म्हणाले. "फुटबॉल संघाच्या आजवरच्या सगळ्या प्रशिक्षकांचा. सगळ्या, असं म्हणाले ते."

"बरं झालं. हाकलून दिलेलेही सगळ्यांत धरतात म्हणजे."

"माझा तेव्हाचा कप्तान शाळेचा अध्यक्ष झालाय. कल्पना त्याचीच आहे, म्हणे." हे उठून खिडकीशी गेले. "तो बोलेल, बघ. मनाचा चांगला आहे पोरगा."

पोरगा! त्या पोराचे केस पांढरे झाले असतील. यांना काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. सत्कार नको होता, हारतुरे नको होते. त्या माणसाने चारचौघांत एक वाक्य बोलायला हवं होतं. 'सर, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं.' एवढंच. या एका वाक्याची वाट बघत हे म्हातारे झाले.

झालं होतं ते असं. शाळा कधी नव्हे ती अंतिम सामन्यात पोचली होती, कप्तानाच्या जिवावर. मध्यंतराला आपण एका गोलने पुढे. मध्यंतरानंतर यांना दिसलं की कप्तान वळताना उजवा पाय जपतोय. बाकी कुणालाच दिसलं नाही, कारण बाकी सगळे चेंडूकडे बघत होते आणि हे पोरांच्या पायांकडे बघायचे. यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ वाजवली.

ही शीळ म्हणजे यांचा कायदा होता. यांनी जन्मात कधी शिट्टी वापरली नाही. "शिट्टी पंचाची असते," म्हणायचे. "आपण पंच नाही. आपण पोरांचे." एक लांब शीळ झाली की ज्याच्याकडे सर बघतायत त्याने बाहेर यायचं. चेंडू पायात असला तरी, समोर रिकामा गोल असला तरी. का म्हणून विचारायचं नाही. पोरं यायचीही मुकाट्याने. मी कधी डबा घेऊन मैदानावर गेले तर ती शीळ मला दोन गल्ल्या अलीकडे ऐकू यायची.

कप्तान बाहेर आला. रडत आला, पण आला. राखीव मुलगा आत गेला आणि आपण सामना हरलो.

कप्तानाचे वडील तेव्हा शाळेच्या मंडळावर होते. चषक गेला, त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवंच होतं. डॉक्टरने गुडघा बघून यांना आणि त्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आणखी थोडं खेळला असता तर पोरगा कायमचा लंगडला असता. पण ते ऐकायला वेळ कुणाला होता? यांना काढलं. गावभर 'बाहेरकाढे सर' असं नाव पडलं. किराणावालासुद्धा हसत विचारायचा, "काय सर, आज कुणाला बाहेर काढलं?" पुढची सगळी नोकरी यांनी एका गोदामात माल उतरवून घेण्यात काढली. मैदानाच्या रस्त्याने हे पुन्हा कधी गेले नाहीत, लांबचा वळसा घालून जायचे. मी मात्र मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. माझ्या नवऱ्याने काही चोरी केली नव्हती.

सत्काराच्या दिवशी यांनी बूट स्वतः पुसले. मला म्हणाले, "तू तिथे काही बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू? बोलायचंय त्याला बोलू दे."

मैदानाच्या कडेला मांडव होता, खुर्च्यांवर पांढरे कपडे बांधलेले. यांच्या खुर्चीवर नाव चिकटवलं होतं ते बरोबर होतं, हे मी आधी बघून घेतलं. मग अध्यक्ष आला. गाडीतून उतरला आणि मांडवाच्या पायऱ्या दोन-दोन गाळत वर चढला. मी त्याच्या उजव्या पायाकडेच बघत होते. ताठ, सरळ, या वयातही दणकट. त्या पायापायी आमचं घर वर्षानुवर्षं मान खाली घालून जगलं होतं. हेही त्याच पायाकडे बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला तर राग आला त्या समाधानाचाही.

एकेका प्रशिक्षकाला बोलावत होते. यांचं नाव पुकारलं तेव्हा माइकवरची बाई कागदात बघून म्हणाली, "ज्यांच्या शिट्टीचा आवाज आजही या मैदानावर घुमतो, असे आपले लाडके सर!"

टाळ्या झाल्या. अध्यक्षाने यांच्या हातात मखमली डबी दिली. आत सोनेरी शिट्टी, लाल फितीत ओवलेली. सगळ्यांना तीच दिली होती. प्रशिक्षक म्हटला की शिट्टी असणारच, एवढं सरळ गणित. ज्या माणसाने आयुष्यात शिट्टीला हात लावला नाही, त्याच्या गळ्यात फीत अडकवून फोटो काढला.

मग अध्यक्ष बोलायला उभा राहिला. यांनी कान पुढे केला.

"सरांबद्दल काय सांगू?" तो हसत म्हणाला. "सरांनी त्या दिवशी मला बाहेर काढलं नसतं, तर तो चषक आज आपल्या कपाटात असता! पण सर, तुम्हाला आम्ही केव्हाच माफ केलंय बरं का!"

सगळा मांडव हसला. हेही हसले. कवळीवाला माणूस हसला की समोरच्याला खरंच हसल्यासारखं वाटतं. मला माहीत होतं, ते हसू नव्हतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला, नाहीतर तिथेच उभी राहून त्या माणसाची उतरवली असती. माफ केलं म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा.

सत्कारानंतर शाळेच्या संघाचा सामना ठेवला होता, पाहुण्यांसाठी. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. चहा आला. हे चहाकडे बघेनात. थोड्या वेळाने यांनी माझा हात दाबला.

"सात नंबरचा बघ. डावा पाय."

मला काही दिसलं नाही. पोरगा पळत होता, लोक त्याच्याच नावाने ओरडत होते. "वळताना बघ," हे म्हणाले. मग मलाही दिसलं. वळताना तो पाय टेकवत नव्हता, नुसता लावत होता. त्यांचा प्रशिक्षक कडेला उभा राहून "पुढे जा, पुढे जा" ओरडत होता. अध्यक्षासमोर जिंकायचं होतं ना.

यांनी दोन बोटं तोंडात घातली. मी म्हटलं, "अहो, नका." कवळी बसल्यापासून यांची शीळ गेली होती. न्हाणीघरात दार लावून प्रयत्न करताना मी ऐकलं होतं. तेच झालं, नुसती हवा निघाली. शेजारचे एक गृहस्थ जरा सरकून बसले. यांनी पुन्हा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग यांची नजर स्वतःच्या गळ्यातल्या फितीवर गेली.

शिट्टी पंचाची असते, म्हणणारा माझा नवरा. त्याने ती शिट्टी ओठांत धरली, छाती भरून घेतली आणि फुंकली.

आवाज आला नाही. ते शिट्टीच्या आकाराचं पितळ होतं, आतून भरीव. शोभेची वस्तू. फुंकायची कुणाला होती ती?

हे उठले आणि सरळ मैदानात चालत गेले, हात वर करून, "त्याला बाहेर घ्या, त्याला बाहेर घ्या" म्हणत. पंचाने खेळ थांबवला. लोक आधी गोंधळले, मग माइकवरच्या बाईचा आवाज आला, "सरांना राहवलं नाही! जुन्या आठवणींनी सर भावुक झाले आहेत. जोरदार टाळ्या!"

मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता. दोन पोरांनी यांना दोन्ही दंडांना धरून, अगदी प्रेमाने, परत आणून बसवलं. सात नंबरचाही टाळ्या वाजवत होता. मी उठून ओरडले, "अहो, त्याचा पाय बघा, पाय!" पण त्या टाळ्यांत माझा आवाज कुणापर्यंत पोचणार?

खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात सात नंबरचा चेंडू घेऊन वळला आणि कोसळला. तो किंचाळला तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या. त्याला उचलून आमच्या समोरून नेलं. हे त्याच्या गुडघ्याकडे बघत होते, आणि मग यांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष आमच्याजवळ येऊन बसला. "चालायचंच, खेळ म्हटला की लागायचंच," तो म्हणाला. "सर, पण तुमची सवय अजून गेली नाही हं! दिसला कुणी की काढ बाहेर!"

यांनी हळूच विचारलं, "थंडीत गुडघा दुखतो का रे तुझा?"

"माझा? छे! कधीच नाही, सर." तो बुचकळ्यात पडून यांच्याकडे बघत राहिला. "का हो?"

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या गुडघ्याला काही होणार होतं हे त्याच्या घरात कुणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि जो पाय कधी दुखला नाही, त्याची आठवण तरी कुणाला राहते? एवढी वर्षं हे ज्या वाक्याची वाट बघत होते, ते त्या माणसाच्या पोटात नव्हतंच मुळी.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. यांनी माझं मनगट धरलं.

"काही नाही," हे म्हणाले. "सहज विचारलं."

आम्ही निघालो. यांनी फीत गळ्यातून काढली, शिट्टी डबीत ठेवली आणि डबी खुर्चीवर. मीही ती उचलली नाही. फाटकापर्यंत पोचलो तोच मागून पावलं वाजली. माइकवरची बाई पळत येत होती, दम लागलेला, चेहऱ्यावर हसू.

"सर, तुमची शिट्टी विसरलात!"

मला वाटलं, आता तरी हे काहीतरी बोलतील. यांनी हात पुढे केला, डबी घेतली आणि तिला थँक्यू म्हणाले.