उतारावर मी हिरवा होतो

मी एक हिरवा दिवा बोलतोय. देवघरातला नाही आणि चौकातल्या सिग्नलचाही नाही. गाडीत स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याशेजारी, करंगळीच्या नखाएवढा पानाच्या आकाराचा दिवा असतो ना, तो मी. पेट्रोल जपून गाडी चालवली की मी पेटतो, उधळपट्टी सुरू झाली की विझतो. आयुष्यात मला एवढंच एक काम आलं आणि त्याच कामाची आज मला लाज वाटते.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला तीनदा पेटवलं, तीनदा विझवलं आणि पुढे सरकवलं. माझ्या शेजारी लाल आणि पिवळे दिवे होते. तेल संपलं, इंजिन तापलं, दार उघडं राहिलं अशा वाईट बातम्या देणं त्यांच्या नशिबी आलं होतं. माझ्या वाट्याला फक्त शाबासकी देणं होतं. त्या गोष्टीचा मला फार गर्व झाला होता.

मग मी ग्वाल्हेरला आलो. सिटी सेंटरमध्ये दातांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर भालचंद्र माझे मालक. माणूस सज्जन, पण पायाने जड. सिग्नल हिरवा होताच गाडीला असा दाब द्यायचे की मी डोळा उघडायच्या आत मिटायचो. इकडे कुणीही भेटलं की गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच, "एवरेज काय देते?" डॉक्टर नेहमी खऱ्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त सांगायचे. समोरचाही आपल्या गाडीचे तीन वाढवून सांगायचा. दोघेही समाधानाने निघायचे.

याच गाडीवर त्यांनी पत्नीला, विमलताईंना, मेळ्याच्या रिकाम्या मैदानात गाडी शिकवली. "क्लच दाब. मोकळी कर. हां, आता पहिला टाक." या घरात न्यूट्रलला न्यूट्रल कुणी म्हणतच नसे. गाडी न्यूट्रलमध्ये आणणं म्हणजे मोकळी करणं. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की मलाही तो सगळ्या जगाचा शब्द वाटू लागला.

त्यांची मुलगी अंतरा मात्र तेव्हा तिथे नव्हती. अकराव्या वर्षी ती डोंगरातल्या एका वसतिगृहाच्या शाळेत गेली आणि तिथून पर्यावरण शिकायला परदेशात. गाडीही ती तिकडेच शिकली, गिअर न बदलावे लागणारी. गेल्या वर्षी ती परत आली ती हवेचे आकडे, धुराचे फोटो आणि डोळ्यांत एक भलतीच धग घेऊन. पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर बसली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, हे पान कधी पेटतं?"

"ते? ते शोभेचं आहे गं."

"शोभेचं? यार बाबा, सगळी गाडी एका बाजूला आणि हे एका बाजूला!"

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. अंतराने वडिलांना खरंच चांगल्या गोष्टी शिकवल्या. चाकांत हवा पुरेशी ठेवायची. पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचलायचा. डिकीतलं जुनं सामान काढून टाकायचं. मी तासन्‌तास पेटून राहू लागलो. बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं ते इतकी वर्षं कळत नव्हतं. तेरा वर्षांत त्यांचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं. आता ती म्हणायची, "बाबा, पान!" आणि ते हसायचे. तिच्या एका "वा बाबा"साठी ते सबंध पडाव चौक तिसऱ्या गिअरवर मुंगीसारखे ओलांडायचे आणि मागचे टेम्पोवाले त्यांचा उद्धार करायचे.

तेव्हापासूनच मला काहीतरी खटकायला हवं होतं. माझा उजेड जाऊ नये म्हणून डॉक्टर ब्रेक लावायला कुरकुरू लागले होते. एकदा पिवळ्या सिग्नलला त्यांनी गाडी तशीच रेटली. एकदा बसच्या मागे इतके चिकटून चालले की विमलताई ओरडल्या, "अहो, बसमध्येच बसायचं होतं तर तिकीट काढायचं!" मी त्याही वेळी पेटलेलो होतो.

मग अंतराने ग्वाल्हेरच्या मराठी मंडळातल्या कुटुंबांसाठी स्पर्धा ठेवली. सिटी सेंटरहून निघायचं, किल्ल्यावर जायचं, उरवाई दरवाजाच्या रस्त्याने उतरायचं. जो कमीत कमी पेट्रोल जाळेल तो जिंकला. तिने स्वच्छ मराठीत सूचना छापल्या आणि एक कागद माझ्या शेजारी डॅशबोर्डवर चिकटवला. पाचवी सूचना अशी होती: "उतारावर गाडी मोकळी सोडा."

तिला म्हणायचं होतं, पेट्रोलवरचा पाय उचला आणि गाडीला आपापली उतरू द्या. गिअर काढा असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर पेट्रोल जातच नाही, शिवाय इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. तिला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो फक्त आपल्या आईवडिलांच्या तोंडातला एक शब्द.

स्पर्धेच्या रविवारी ती खाली दरवाजापाशी कागद घेऊन उभी होती. वर किल्ल्यावरून आम्ही निघालो. डॉक्टरांनी कागद वाचला, क्लच दाबला आणि गाडी मोकळी केली. मग त्यांना आपल्या तरुणपणची स्कूटर आठवली असावी. त्यांनी किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं आणि स्टिअरिंग अडकू नये म्हणून ती लगेच एक खाच पुढे आणली.

"अहो, बंद का केलीत?" विमलताई म्हणाल्या.

"मोकळी सोडायचीच आहे, मग चालू कशाला ठेवायची? बघ तू, पोरगी खूश होते की नाही!"

गाडीचा आवाज थांबला. वारा तेवढा ऐकू येत होता. पेट्रोलचा खर्च शून्य झाला आणि मी पेटलो. इतका लख्ख मी आजवर कधी पेटलो नव्हतो.

वळणावर सहलीची मुलं दिसली, रस्ता ओलांडणारी. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, लागला. परत दाबला, जड लागला. तिसऱ्यांदा पाय दगडावर पडावा तसा पडला. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. स्टिअरिंगही लोखंडासारखं घट्ट झालेलं. दोन्ही हातांनी ओढून त्यांनी गाडी कडेच्या दगडी भिंतीवर घातली. मुलं वाचली. डावी बाजू भिंतीला घासत गेली आणि विमलताईंच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या कळवळत होत्या आणि त्या कण्हण्यावर माझा हिरवा उजेड पडला होता. शाबास, शाबास, असं मी म्हणत होतो. विझणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. तरी ती लाज जात नाही.

अंतरा धावत वर आली. "बाबा, काय झालं?"

"ब्रेक लागलेच नाहीत गं," डॉक्टर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण ते तिथेच थांबले आणि तिने उरलेलं स्वतः पूर्ण केलं. आठच दिवसांपूर्वी पडावच्या महिपतरावांनी या गाडीचे ब्रेक पाहिले होते. महिपतरावांचे आजोबा फौजेत होते. ते स्वतः तीस वर्षं गॅरेज चालवतात, आणि मंडळातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हातून जातात. अंतराने त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "हलगर्जीपणाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. मी बोलणार. महिपतरावांकडे गाडी देण्याआधी विचार करा."

मला ओढून नेलं ते महिपतरावांच्याच गॅरेजमध्ये. डॉक्टरांना दुसरं गॅरेजच ठाऊक नव्हतं. तिथे मी तो संदेश त्यांच्याच तोंडून ऐकला. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मोबाइल खिशात टाकला. तेवढ्यात पांडुरंगराव आले, मंडळाचे जुने सभासद. त्यांची गाडी माझ्या शेजारीच उभी होती आणि काम अर्धवट असतानाच ते ती परत न्यायला आले होते.

"नाही महिपतराव, तसं काही नाही हो. जरा अर्जंट झाँसीला जायचंय."

"साहेब, जुनं तेल काढलंय. नवं तरी भरू द्या."

"लवकर भरा मग."

तेल भरेपर्यंत पांडुरंगराव उन्हात, फाटकाबाहेर उभे राहिले. त्या आठवड्यात आणखी तीन गाड्या अशाच निघून गेल्या. महिपतरावांनी गाडी तपासली होती. गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक ठणठणीत. काय झालं ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी तिघं आली. विमलताईंचा हात गळ्यात बांधलेला होता. अंतरा तणतणत पुढे आली. "काका, तुम्ही ब्रेक चेक केले होते की नाही? क्लिअरली सांगा."

"बस बेटा," महिपतराव म्हणाले. "गाडीत बस. चालू कर. आता ब्रेक दाब."

तिने दाबला.

"कसा आहे?"

"ठीक आहे."

"आता बंद कर आणि दाब. परत. परत."

तिसऱ्यांदा तिचा पाय थांबला. तिने जोर लावला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून लावला. मला तिचा चेहरा अगदी समोर दिसत होता. त्यावरचा राग हळूहळू उतरत गेला.

"गाडी बंद होती?" तिने विचारलं.

महिपतराव म्हणाले, "ते मी विचारलं नाही. डॉक्टरसाहेबांची गाडी, डॉक्टरसाहेबांची मर्जी."

"अहो, आता तरी बोला," विमलताई म्हणाल्या. "माझा खांदा जुळेल. यांचं दुकान उठलं तर कोण जुळवणार?"

डॉक्टरांनी खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या शेजारच्या कागदावर बोट ठेवलं. "तू लिहिलंस ना, मोकळी सोडा. म्हणून केली मोकळी. लोकांना कळलं असतं तर ते तुला हसले असते. नाव तुझं खराब झालं असतं, म्हणून..."

"मोकळी म्हणजे पाय उचलायचा, बाबा! न्यूट्रल नाही!"

"आपल्याकडे मोकळी म्हणजे न्यूट्रलच की गं."

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"तू होतीस कुठे सांगायला?" डॉक्टर म्हणाले आणि लगेच खाली बघू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "किल्ली मात्र माझी मी फिरवली. ती तुझ्या कागदात नव्हती."

मग अंतराने मोबाइल काढला. "मी लिहिते," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "नाही, मी." शेवटी दोघांनी लिहिलं, तिथेच बोनेटला टेकून. तिने आपली चूक लिहिली, त्यांनी आपली. दोघांनी महिपतरावांची माफी मागितली. महिपतराव म्हणाले, "बस हो गया. चहा सांगतो." पण चहा येईपर्यंत ते पाठमोरे उभे राहून पान्हे लावत होते, आणि ते सगळे पान्हे जागच्या जागी आधीच लावलेले होते.

आता गाडीची डावी बाजू नव्या रंगाची आहे. स्पर्धा रद्द झाली. पाचवी सूचना खोडून अंतराने लिहिलं आहे: "उतारावर गिअर काढू नका, इंजिन बंद करू नका. पेट्रोलवरचा पाय तेवढा उचला." गेलेल्या चार गाड्यांपैकी तीन परत आल्या. चौथी आली नाही. वाईट संदेश सगळ्यांनी वाचला होता. माफीचा सगळ्यांनी वाचलाच असेल असं नाही.

म्हणून ही विनंती. मी क्षुल्लक दिवा आहे आणि चुकीच्या वेळी शाबासकी दिलेला दिवा आहे, माझ्या शब्दाला किंमत ती किती. तरीही पांडुरंगराव, हे तुमच्या वाचनात आलं तर एकदा पडावला जा. ब्रेक चांगले होते. मी तिथे होतो.