माझ्या पाठीवरचं साल

मी गिटार बोलतेय. लाल रंगाची, विजेवर वाजणारी, कडेकडेने रंग उडालेली. माझं वय विचारायला संकोच करू नका. सांगायला मी एका पायावर तयार आहे. पंचाईत इतकीच, की माझ्या पाठीवर जे साल निघतं ते माझं नव्हे, आणि लोक माझ्यापेक्षा माझ्या पाठीवर जास्त विश्वास ठेवतात.

माणसांचं या बाबतीत मला फार नवल वाटतं. स्वतःचं वय कुणी विचारलं की त्यांना खोकला येतो. केसांना कलप लावतील, वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या मोजक्याच लावतील. आणि गिटारीचं वय मात्र जितकं जास्त निघेल तितके हरखून जातील. म्हातारी गिटार म्हणजे यांच्या दृष्टीने सोन्याचा तुकडा, आणि म्हातारा माणूस म्हणजे खुर्चीतला अडथळा.

माझा जन्म एकोणसत्तरच्या जानेवारीतला. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी तिथे होते. मिशिगनच्या खालच्या भागात कॉर्वेल नावाचा कारखाना होता. त्याच्या मूळ मालकाने तो चार वर्षांपूर्वीच कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीला विकून टाकला होता. विक्रीच्या आधी बनल्या त्या गिटारी आणि नंतर बनली ती फळकुटं, असं जाणकार आजही म्हणतात. त्या हिशेबाने मी फळकूट. मला त्याचं काही वाटत नाही. फळकुटावरही लोक नाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्हा कॉर्वेल गिटारींची मान अंगाला चार स्क्रूंनी जोडतात. पाठीमागे त्या स्क्रूंखाली एक पोलादी पट्टी असते आणि तिच्यावर आकडा ठोकलेला असतो. आज लोक तो आकडा भिंगातून वाचतात, तक्त्याशी ताडून बघतात आणि आमची जन्मकुंडली मांडतात. पण त्या काळी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझी मान जोडली हॅटी ब्राऊवर नावाच्या बाईने. पट्ट्यांची पेटी तिच्या बाकापाशी असायची. हाताला येईल ती पट्टी उचलायची आणि लावून मोकळं व्हायचं. पेटी अर्धी झाली की वरून नव्या पट्ट्या ओतायच्या. पिठाच्या डब्यात तळाचं पीठ जुनंच राहतं, तशी तळाची पट्टी वर्षानुवर्षं तळालाच राहायची. माझी वेळ आली त्या दिवशी पेटी कधी नव्हे ती रिकामी होत आली होती. हॅटीने तळातली पट्टी काढली, एप्रनला पुसली, शेजारणीला म्हणाली की ही बिचारी किती वर्षं दबून पडली होती कोण जाणे, आणि लावली माझ्या पाठीला. पट्टी त्रेसष्टची, मी एकोणसत्तरची. झालं. या एवढ्याशा गोष्टीवरून पुढे एका घरात अबोला धरला गेला.

तिथून मी थेट उत्तरेला, तांब्याच्या खाणींच्या मुलखात आले. हॅनकॉक गावाजवळ ऑनीचं दुकान होतं. खिळे, रंग, बर्फाची फावडी, मासे धरायचे गळ, आणि एका कोपऱ्यात दोन अकॉर्डियन आणि मी. ऑनी हा फिनलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा, बोलायला कमी, आणि व्यवहाराला असा की कुऱ्हाडीच्या दांड्याला केसाएवढी चीर असली तर गिऱ्हाईकाला आधी ती चीर दाखवायचा. त्यामुळे गावात कुणी त्याच्याकडे वस्तू उलटीपालटी करून बघत नसे. रेइनो नावाचा ओंडक्यांचा ट्रक चालवणारा तरुण मला बघायला आला, तेव्हा ऑनी एवढंच म्हणाला की कोरी आहे, कालच आलीय. रेइनोने मला घेतलं. पुढल्या वर्षी त्याने ऑनीच्या मुलीशी, आउनेशी लग्न केलं.

नंतरची वर्षं काय सांगू. लग्नं, सभागृहातले नाच, जूनमधल्या सणाच्या शेकोट्या. रेइनोचा मित्र एस्को मागे ड्रम बडवायचा आणि तालापेक्षा नेहमी थोडा पुढे असायचा. माझ्यावर बिअर सांडली, ट्रकच्या मागे बर्फात मी कुडकुडले, रेइनोच्या धाकट्या लेकीने खिळ्याने माझ्यावर मांजर काढलं. मुलं लहान होती तेव्हा बरीच वर्षं मी पलंगाखाली काढली, धूळ खात. पण रेइनोने माझा एकही स्क्रू कधी फिरवला नाही. सासऱ्याने दिली तशी आहे, असं तो अभिमानाने सांगायचा.

मग त्याची बोटं आखडायला लागली. कॉफीचा कप धरता यायचा, पण तार दाबता यायची नाही. घरात मुकी पडून राहण्यापेक्षा ही कुणा वाजवणाऱ्याकडे गेलेली बरी, असं त्याने आउनेला सांगितलं, आणि मला तेव्हा फार वाईट वाटलं. तेवढ्यात एस्कोने खबर आणली की गावच्या सभागृहात दोन दिवस जुन्या गिटारींचं प्रदर्शन आहे, आणि मिलवॉकीहून डेल्बर्ट श्ट्रोम नावाचा व्यापारी येऊन फुकटात वय सांगतोय, पसंत पडली तर विकतही घेतोय.

शनिवारी सकाळी रांग लागली होती. जो तो आपापली पेटी कवटाळून उभा, दवाखान्यात पोर घेऊन बसल्यासारखा. डेल्बर्टच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. त्याने मला पालथं घातलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्रेसष्ट, म्हणाला. विक्रीच्या आधीची. आणि स्क्रूंना कुणी हातसुद्धा लावलेला नाही. त्याने रेइनोच्या कानात जी किंमत सांगितली ती ऐकून रेइनो खालीच बसला.

तो म्हणाला, "काहीतरी चुकतंय. मी ही एकोणसत्तरला घेतली. कोरी."

डेल्बर्ट म्हणाला, "पट्टी खोटं बोलत नाही. दुकानदार बोलतात."

एस्को मागेच उभा होता. त्याला असं काही मिळालं की तो सोडतो थोडाच. "घ्या," तो म्हणाला, "सासऱ्याने सहा वर्षांचा माल कोरा म्हणून गळ्यात मारला. आता आउनेचंही साल एकदा तपासून घे बाबा."

लोक हसले. रेइनोही हसला, आणि तिथेच चुकला. कारण आउने कॉफीच्या टेबलापाशी निसू कापत होती. निसू म्हणजे तिकडचा वेलदोडे घातलेला गोड पाव. तिची सुरी थांबली.

दुपारपर्यंत सगळ्या सभागृहात पसरलं की ऑनी जुना माल नवा म्हणून विकायचा. एकाला तर त्याच्याकडून घेतलेलं बर्फाचं फावडंही आठवलं, तेही जुनंच असणार म्हणाला. ऑनी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बिचारा उत्तर द्यायला येणार कुठून?

मी पेटीत तडफडत होते. मला सगळं ठाऊक होतं, हॅटी, पेटी, तळ, सगळं. पण आमच्या जातीला बोलायचं तर कुणीतरी वाजवावं लागतं, आणि वाजवूनही साल सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी घरात शब्द नव्हता. शनिवार म्हणजे सौना, दोघांनी मिळून वाफेत बसायचं हा लग्नापासूनचा रिवाज. आउने एकटीच आधी जाऊन आली. जेवायला पास्टी होती, बटाटा नि मांस भरलेली मोठी करंजीच ती. रेइनोच्या पास्टीत सलगम नव्हता. सलगम त्याचा जीव की प्राण. तरी त्याने ती संपवली.

शेवटी तोच म्हणाला, सहा वर्षं वखारीत पडून राहिली असेल, ऑनीला तरी काय ठाऊक, यात फसवणूक कसली.

आउने म्हणाली, "बाबा म्हणाले होते कालच आली. लोक काय म्हणतात त्याचं मला काही नाही. तू काय म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाही."

"तेच तर."

रविवारी सकाळी ती रेइनोच्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसली, मला मांडीवर घेऊन. सभागृहात पोचल्यावर तिने मला डेल्बर्टच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं की पट्टीशिवाय वय कळायचा दुसरा मार्ग आहे का. आहे, तो म्हणाला. आवाज कमीजास्त करायची जी गोल बटणं असतात, त्यांच्या खाली धातूच्या छोट्या डब्या असतात. त्या दुसऱ्या कारखान्यात बनतात आणि त्यांच्या पाठीवर साल आणि आठवडा ठोकलेला असतो. पण तिथे पोचायचं तर मला उघडावं लागेल. मग तो रेइनोकडे वळला.

"एक सरळ सांगतो. न उघडलेली म्हणूनच मी एवढी किंमत देतोय. आणि उघडल्यावर जे दिसेल ते न दिसल्यासारखं मला करता येणार नाही. बंद आहे तोवर ती त्रेसष्टची आहे."

रेइनोने माझ्याकडे पाहिलं. त्या पैशांत त्याला नवी सौना बांधायची होती, हे मला माहीत होतं. एस्कोने खबर आणल्यापासून तो कागदावर तिचं चित्र काढत होता. मग त्याने आउनेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"उघड," रेइनो म्हणाला.

पन्नासहून अधिक वर्षांनी माझे स्क्रू फिरले. गुदगुल्या झाल्या म्हणाल तर झाल्या. डेल्बर्टने माझी वरची पांढरी तबकडी अलगद उचलली, दिव्याचा उजेड आत पाडला आणि भिंग लावलं. पहिला आकडा वाचला. दुसरा वाचला. आतल्या विजेच्या तारांच्या टोकांवरचा डाख नखाने चाचपून पाहिला. मग त्याने भिंग खाली ठेवलं आणि कपाळावरचा दिवा बंद केला.

"अडुसष्ट," तो म्हणाला. "नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या डब्या आहेत. त्रेसष्टच्या गिटारीत त्या येणार कुठून? डाख कारखान्यातला आहे, कुणी बदललेलं नाही. ही अडुसष्टच्या अखेरीस किंवा एकोणसत्तरच्या सुरुवातीला बनली. पट्टी जुनी लागलीय. हाताला येईल ती पट्टी लावायचे म्हणे तिथे, ऐकून होतो. तुमचे वडील खरं बोलले, बाई."

आउनेने तोंडावर हात धरला. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आलं. एस्को पुढे आला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की मी चुकलो, ऑनीइतका सरळ माणूस या गावात झाला नाही. फावडेवाल्यालाही त्याने दंडाला धरून आणलं. मला इतका आनंद झाला की तारा सैल होत्या म्हणून, नाहीतर मी आपोआप वाजले असते.

किंमत अर्थातच कोसळली. डेल्बर्ट भला माणूस, फळकुटाचा जो भाव असतो तो तरीही द्यायला तयार होता. रेइनो नको म्हणाला. सौनाच्या जुन्या भिंतीला चार फळ्या ठोकल्या की पाचदहा वर्षं निघतील, असं त्याने एस्कोला सांगितलं, आणि फळ्या ठोकायला एस्कोलाच बोलावलं.

आता मी बैठकीच्या खोलीत उभी असते, चुलीपासून जरा लांब, म्हणजे लाकूड तडकायला नको. खिळ्याने मांजर काढणारी लेक आता पन्नाशीला आलीय, ती रविवारी येते आणि मला वाजवते. बरी वाजवते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिची पाठ हवी तेवढी वाचा, तक्ते उघडा, भिंगं लावा. मग तिला उताणी करा आणि दोन सूर तरी छेडा, एवढंच माझं मागणं आहे.

पण त्या रविवारची शेवटची गोष्ट राहिली. घरी आल्यावर आउनेने रेइनोपुढे पास्टी ठेवली, सलगम ठासून भरलेली. तो निम्मी खाईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा तुझ्याशी एक खोटं बोलले होते. आज सांगून टाकते. तू तारा घ्यायला यायचास ना, तेव्हा ते म्हणायचे की संपल्यात, शनिवारी ये. ड्रॉवर ताराच तारांनी भरलेला असायचा. शनिवारी गल्ल्यावर मी असायचे."

रेइनोने तोंडातला घास सावकाश गिळला. "ड्रॉवर उघडाच असायचा," तो म्हणाला. "मला दिसायचा."

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला तारा हव्या होत्या, शनिवारी मिळत होत्या."

ते साफ खोटं होतं, हे फक्त मला माहीत होतं. लग्नाआधीच्या त्या सबंध वर्षात माझी एकही तार तुटली नव्हती.