अप्पांच्या नालीतला बोळा

लातूरच्या त्या गल्लीत हुस्ना आणि तिचा नवरा सलीम गाद्या भरायचे. भूकंपानंतर किल्लारीकडची कैक घरं तिथं राहायला आली, तरी एका आडाचं पाणी सगळ्यांना पुरलं. पुढं क्लासेसचं पेव फुटलं आणि गल्लीच्या वरच्या अंगाला रेवणसिद्ध अप्पांचं होस्टेल उभं राहिलं. तिथल्या गाद्या सलीमनंच भरल्या. अप्पांनी मजल्यावर मजला चढवला, पण मैल्याला टाकी काही बांधली नाही. पाइप सरळ गल्लीच्या नालीत सोडला. नाली आडाला खेटून होती.

त्या पावसाळ्यात घरोघर कावीळ शिरली. हुस्नाचा एकुलता पोरगा फैजान काविळीनं नेला.

हुस्ना अप्पांच्या दारात गेली, तर ते म्हणाले, "भाभी, अल्लाची मर्जी. आन पाणी उकळून प्यावं माणसानं."

ती घरी परतली. पण ते वाक्य तिच्या पोटात निखाऱ्यासारखं धुमसत राहिलं.

पुढचा जून उजाडला. ॲडमिशनसाठी गावोगावचे आईबाप होस्टेलात येऊन बसले. त्या दुपारी हुस्नानं कुजक्या कापसाचं पोतं उचललं आणि होस्टेलच्या पाइपाची वाट धरली.

"बावली झाली का?" सलीम आडवा आला. "अप्पाच्याच कामावर जगून राहिलो आपण."

"पोरगं न्हाई जगलं," ती म्हणाली. सलीम बाजूला झाला.

तिनं मुसळानं ठासठासून पाइपात कापूस कोंबला. तासाभरात होस्टेलच्या मोऱ्या उलट्या वाहू लागल्या. खालच्या मजल्यावर अप्पांचं बिऱ्हाड होतं. घाण पार देवघरात गेली. भोकरचा एक शेतकरी पोरीची पेटी उचलून बाहेर पडला, त्याच्यामागं बाकीचे.

अप्पा धावत गल्लीत आले. "कुणी केलं हे?"

"मी केलं," हुस्ना म्हणाली.

"भाभी, हात जोडतो. काढा तेवढं."

"तू काढ. हातानं काढ."

अप्पांनी गड्याला हाक मारली. गडी जागचा हलला नाही. अखेर धोतर खोचून अप्पा स्वतः नालीत उतरले. बोळा ओढला तशी सगळी घाण त्यांच्या छातीवर आली. हुस्ना काठावर उभी राहून डोळे भरून बघत होती. कित्येक महिन्यांनी तिच्या काळजाला गारवा वाटला.

"झालं समाधान?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मैल्याचं पाणी पुन्हा आडाकडं धावलं होतं. किल्लारीची गुणाबाई घरातून घमेलंभर सिमेंट कालवून घेऊन आली. कुणी विटा आणल्या. अप्पांच्या डोळ्यांदेखत गल्लीनं पाइपाचं तोंड कायमचं लिंपून टाकलं.