वच्छलाबाईंची उंची

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी बायकांना नावं ठेवायला नकोत.

मी गोकुळ, घोड नदीकाठच्या आमच्या गावचा रोजगार सेवक. तालुक्याला रोजगार हमीचं काम मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "तुमच्याकडं मजूर आहेत कुठं? सगळे कंपनीत जातात." पोरं जातात हो कंपनीत. वच्छलाबाईंनी साठी गाठलेली, त्यांना कोण घेतंय? त्यांच्यासकट अशा अठरा जणी पहाटे टेम्पोत उभ्यानं राहू गावाकडं जायच्या, दुसऱ्याच्या उसात खुरपायला. चार महिने मी अर्ज घेऊन हेलपाटे घातले, तेव्हा कुठं गावतळ्यातला गाळ काढायचं काम मंजूर झालं. पण पहिल्या आठवड्याचं मोजमाप झालं नाही, तर काम बंद. बायका पुन्हा टेम्पोत.

मोजमापासाठी खोदताना मध्ये मध्ये मातीचे उंचवटे तसेच ठेवतात. त्यांच्या उंचीवरून किती गाळ निघाला ते कळतं. सोमवारी मी ते आखून दिले. 'हात लावू नका' म्हणालो, पण का ते सांगितलं नाही. शनिवारी सकाळी मात्र मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आज मोजायला मॅडम येणार हायत. सगळं नीटनेटकं दिसू द्या."

आता ह्या जन्मभर मेथी-कोथिंबिरीचे वाफे ओढलेल्या बायका. पाहुणी येणार म्हटल्यावर ते ओबडधोबड उंचवटे त्यांच्या डोळ्यांत खुपणारच. दुपारी येऊन बघतो तर तळं अंगणासारखं सपाट!

"कसं लख्ख केलंय, बघ," वच्छलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

मी बायकांवर असा ओरडलो की काही विचारू नका. शेवटी वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या, "का ठिवायचं ते सांगितलं आसतंस, तर पोटच्या लेकरावानी राखलं आसतं."

तेवढ्यात अनुपमा मॅडम आल्या. तालुक्याच्या इंजिनीअर, स्वभावानं कडक. टेप हातात घेऊन तळ्यात उतरल्या आणि थांबल्या.

"उंचवटे कुठायत?"

"काढले, मॅडम," मी म्हणालो. "पण भिंतीवर बघा की. गाळ कुठवर होता त्याचा डाग दिसतोय."

तळ्याला चारी बाजूंनी जुनी दगडी भिंत आहे. मॅडमनी डागावरून बोट फिरवलं. "हा डाग ह्याच आठवड्यातला कशावरून? मला शून्य लिहावं लागेल, गोकुळ. माझा नाइलाज आहे."

बायकांच्या हातातली खोरी खाली गेली. सहा दिवस उपसलेला गाळ बाहेर डोंगराएवढा पडलेला, आणि वहीत शून्य! मला रडूच यायला लागलं, खोटं कशाला सांगू.

"आन् त्यो रोज फोटू काढतोस, त्यात न्हाई का दिसत?" वच्छलाबाईंनी विचारलं.

हजेरीचं ते ॲप! सकाळी कामाआधी एक फोटो, दुपारी एक. रेंजसाठी मी भिंतीवर चढून त्याला रोज शिव्या घालायचो. बायका मात्र पंगतीला बसावं तशा आपापल्या जागी उभ्या राहायच्या. वच्छलाबाई कायम भिंतीला टेकून, सावलीत. उन्हात डोळे मिटतात आणि फोटोत आंधळी दिसते, ही त्यांची तक्रार.

मॅडमनी त्यांच्याच टॅबवर फोटो उघडले. तारीख, वेळ, सगळं सरकारी. सोमवारी सकाळी वच्छलाबाईंच्या शेजारी भिंतीतला एकुलता एक पांढरा दगड त्यांच्या कमरेशी होता. बुधवारी छातीशी. शुक्रवारी हनुवटीशी. तळ खाली गेला, तशा बाई खाली गेल्या होत्या.

"आजी, तिथंच उभ्या राहा बरं."

वच्छलाबाई पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या. दगड आता कपाळाशी आला. मॅडमनी कमरेपासून कपाळापर्यंत टेप लावला, हसू दाबत. मग दोरी ताणून सगळा तळ तपासला.

"गाळ मुळात सपाटच बसलेला होता. आणि तुम्ही तळ इतका सारखा केलाय की एकच खोली सगळीकडं भरतेय. उंचवटे मोडणं चूकच, पुन्हा करू नका. पण काम झालंय, आणि मी ते लिहिणार."

त्यांनी तिथंच उभ्यानं आकडा लिहून सही केली. बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं बघायला आली. मी वच्छलाबाईंच्या पाया पडलो. "आता तरी कारण सांगत जा," त्या म्हणाल्या.

सोमवारी पहाटे राहूचा टेम्पो नेहमीच्या जागी येऊन हॉर्न वाजवू लागला. वच्छलाबाई खोरं खांद्यावर टाकून त्याच्या समोरून तळ्याकडं निघाल्या, मागं सतरा जणी.

"मावशी, बसा की!" ड्रायव्हर ओरडला.

"जा बाबा तू मोकळा," त्या न थांबता म्हणाल्या. "आमचं हितं काम हाय."